तिरप्या अक्षरांतलं माझं नाव

बाबा,

तुमच्या नातीचं, धाकट्याच्या पोरीचं, लग्न ठरलं आहे. पत्रिकेचं काम माझ्याकडे आलंय, म्हणजे ज्या पोरीला तुम्ही छापून मारलंत तिच्याकडेच. माझा धाकटा भाऊ, तुमचा लाडका, आता आपल्या प्रेसच्या जागेत फ्लेक्सचं मशीन लावून बसतो. अक्षरातलं त्याला तेव्हाही काही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. काल दुपारी त्याचा फोन आला. "ताई, बाबाचं नाव तिरपंच ठेवशीन ना? आपली रीत हाय ते." रीत हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. इतकी वर्षं मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले, भाजी चिरताना, बस थांब्यावर, कॉम्प्युटरसमोर. कागदावर कधी भांडले नव्हते, ते आज भांडते. तुम्ही उत्तर देणार नाही हे ठाऊक आहे. जिवंत होतात तेव्हा तरी कुठे देत होतात?

ही रीत कुठून आली ते त्या शहाण्याला माहीत नाही, मला माहीत आहे. मी चौदाची होते, शाळा सुटली की लकडगंजच्या प्रेसमध्ये येऊन बसायचे. एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरची पत्रिका होती. वरच्या ओळीत नवरदेवाच्या आजोबांचं नाव आणि त्याच्या आधी 'कै.'. जुळवलेल्या अक्षरांचा फर्मा मशीनवर चढवताना 'कै.'चा खिळा, शिशाचं ते एवढंसं अक्षर, निसटून खाली पडला, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि चार वर्षांपूर्वी गेलेला म्हातारा जिवंत होऊन घरोघरी पोचला. मांडवात त्याचा जुना दोस्त गोंदियाहून आला आणि आधी म्हाताऱ्याले भेटवा, मग जेवतो, म्हणून हटून बसला. सांगायचं कोणी? दुसऱ्या दिवशी व्यापारी प्रेसमध्ये येऊन तुमच्या टेबलावर पत्रिका आपटून ओरडला, "माह्या बापाले तुम्ही दुसऱ्यांदा मारलं!" सगळ्या कामगारांसमोर तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. तुमची मान खाली गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली. त्या दिवसापासून तुम्ही ठरवलं की आपल्या प्रेसमध्ये गेलेल्या माणसाचं नाव तिरपं छापायचं. 'कै.' पडलं तरी माणूस उठून बसायला नको.

पण तिरपे खिळे होते कुठे? तिरप्या इंग्रजी खिळ्यांचा एक खण होता. वकिलांच्या आणि कॉलेजच्या कामात पुस्तकाचं नाव किंवा जोर द्यायचा शब्द त्यातून जुळवायचात. त्या अक्षरांचा अर्थ 'इकडे नीट पाहा' असा होता. मराठीत आपल्याकडे सगळे खिळे उभे. मग माझी चित्रकला कामाला आली. मी नाव हातानं काढायचं, त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, बाहेरून करून आणायचा आणि तो उभ्या खिळ्यांच्या मधे बसवायचा. पहिलं नाव काढलं ते तुम्ही खिडकीकडे धरून पाहिलंत. "हे काय वं? दारू पिऊन पडला का हा मानूस? मेलेल्याची इज्जत ठेव." आणि कागद चुरगाळून खळीच्या डब्यात टाकलात. मी रडले नाही, तुमच्यासमोर रडायची सोय नव्हती. मग तुम्हीच सांगितलंत की सगळं अक्षर कलंडवायचं नाही. वरची रेघ सपाट राहिली पाहिजे, काना तेवढा झुकवायचा, आणि काना झुकला की पोटाची गोलाई नव्यानं काढायची, नाहीतर अक्षर चेपतं. किती झुकवायचं विचारलं तर म्हणालात, "थोडंसंच. वारा लागला इतकं." सतरावा कागद तुम्ही चुरगाळला नाहीत, ठेवून घेतलात. त्या आठवड्यात माझ्यासाठी लाकडी दांडीची स्टीलची निब आणि शाईची दौत आणलीत. आईनं न सांगता तुम्ही माझ्यासाठी आणलेली आयुष्यातली ती एकच वस्तू. ते मी नाकारत नाही. तुम्ही शिक्षक चांगले होतात, बाप म्हणून काय होतात ते पुढे लिहिते.

दहा वर्षं मी मेलेल्यांची नावं काढली. अख्ख्या वस्तीला वाचायची सवय लागली. पत्रिका हातात पडली की म्हाताऱ्या बायका चष्मा चढवून आधी तिरपी नावं शोधायच्या, "अवो, हे बी गेले का?" तुम्हाला त्याचा केवढा अभिमान होता! एकदा आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होतात, आमच्याकडचं तिरपं म्हणजे सरकारी दाखला समजा.

मग मी लग्न ठरवलं. तुमच्या पाठीमागे नाही, तुम्हाला विचारून, तीनदा विचारून. मुलगा कन्हानला शाळेत मास्तर होता, निर्व्यसनी होता, माझ्या अक्षरांकडे तासभर बघत बसायचा. हे सगळं मी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं. तुम्ही त्याची जात विचारलीत, मी सांगितली. तुम्ही हात धुतलेत, पाटावर बसलात आणि आईला म्हणालात, "उद्यापासून एक ताट कमी वाढ." झालं. दहा वर्षं तुमच्या प्रेसमध्ये मान मोडून काम केलेल्या पोरीचा हिशोब एका ताटात मिटला. आईच्या हातातली पोळी तव्यावर करपत होती आणि ती उलटायचं तिला सुचत नव्हतं, एवढं मला अजून दिसतं.

चार वर्षांनी भावाचं लग्न ठरलं. मला आमंत्रण नव्हतं, अपेक्षाही नव्हती. एका सकाळी मी कन्हानच्या घरी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटकाबाहेरून रडण्याचा आवाज आला. पाहते तर पारशिवनीची आत्या, तुमची सख्खी बहीण, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून येते आहे, पदर तोंडात कोंबलेला. मला पाहिलं आणि ती तिथेच मातीत बसली.

"तू त जिती हायेस वं!"

"म्हणजे काय आत्या? मला काय झालं?"

तिनं आधी मला जवळ ओढलं, मग पाठीत धपाटा घातला, मग परत ओढलं. "मले वाटलं पोरगी गेली न मले कोणी सांगतलं बी नाही. लगनघर हाय म्हणून लपवून ठेवलं असन. पारशिवनीपासून रडत आली वं मी, बसमधले लोक पानी पाजून राहिले होते मले." सुनेनं पिशवीतून पत्रिका काढून माझ्या हातात दिली. खाली 'स्वागतोत्सुक'च्या यादीत काका, मामा, चुलत भाऊ सगळे उभे. त्यांच्यात माझं नाव तिरपं. 'कै.' नव्हतं, तेवढी लाज तुम्ही शिल्लक ठेवली होती. आत्या माझ्या तोंडाकडे पाहत होती. "मशीनवाल्यानं चूक केली असन. नाही त काहून करन वं तो असं?" मी तिला पाणी आणून दिलं. खिळा चुकून पडतो, बाबा. ब्लॉक चुकून बसत नाही. नाव काढावं लागतं, ब्लॉक करायला द्यावं लागतं, तो आणून बसवावा लागतो. चार दिवसांचं काम आहे ते. चार दिवस तुम्ही मला मारत होतात.

आईनं पुढे कधीतरी सांगितलं की मोठीचं नाव पत्रिकेत आल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही म्हणून ती दोन दिवस उपाशी होती. तिचा शब्द तुम्ही असा पाळलात. वर तीच मला समजावत होती, "नाव त टाकलं ना वं त्याईनं." आणि आजूबाजूच्या तोंडांचं काय? लग्नात कोणीतरी तुम्हाला विचारलं म्हणे, पोरगी केव्हा गेली, आणि तुम्ही 'झाले चार वर्षं' म्हणालात. हे भावानं हसत सांगितलं होतं. त्याला तो तुमचा विनोद वाटला. मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही.

आत्या गेल्यावर मी ती पत्रिका उन्हात धरून पाहिली, तुम्ही माझे कागद पाहायचात तशीच. अक्षरं माझीच होती. माझ्या जुन्या कागदांतून, एका मेलेल्या वकिलाच्या नावातून एक, कुणाच्या आजीच्या नावातून दुसरं, अशी कापून चिकटवलेली. ज्यांना मी मान देऊन निजवलं त्यांच्याकडून उसनं आणून तुम्ही माझं नाव केलंत. फक्त शेवटचं अक्षर माझं नव्हतं. ते जुन्या कागदांत मिळालं नसणार, तुम्ही स्वतः काढलं होतं. आणि ते झुकलेलंच नव्हतं. बाकीची पडलेली आणि हे एक जवळजवळ ताठ. माझा नवरा, तो भला माणूस, म्हणाला, त्यांचा हात थरथरला असेल. मी त्याला सांगितलं, हात थरथरायला आत काहीतरी असावं लागतं. त्यांना तिरपं येतच नाही, कधीच येत नव्हतं, म्हणून तर मला बसवलं होतं. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी आले होते. "कोन हाय?" म्हणून विचारलंत. आई म्हणाली, "मोठी." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी अर्धा तास बसले, तुमची पाठ पाहिली आणि कन्हानची बस पकडली. तेराव्याच्या पत्रिकेत भावानं तुमचं नाव कॉम्प्युटरचं बटण दाबून तिरपं केलं. गोलाया चेपल्या होत्या, मात्रा पुढच्या अक्षरावर आदळत होत्या. दारू पिऊन पडलेला माणूस दिसत होतात. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला.

तर आता ही पत्रिका. मी आज सकाळी भावाला कळवलं की बाबांचं नाव उभंच राहील. तो गडबडला. "लोकाईले वाटन ना ताई, बाबा हायेत म्हणून." म्हटलं, 'कै.' आहे ना, ते आता खाली पडत नाही. त्याला खरं कारण सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तिरपं म्हणजे निजलेलं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्हाला मी निजू देणार नाही. नातीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर उभे राहा. खाली आत्या म्हणून माझं नाव आहे, तेही उभं आहे. एका कागदावर एकदा तरी माझ्यासमोर उभं राहून दाखवा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. त्या जुन्या पत्रिकेच्या घडीत ठेवून देईन. एक राहिलं. भावाला कळवण्याआधी, काल संध्याकाळपर्यंत, मी तुमचं नाव तिरपं काढत बसले होते. तुमच्याच निबनं. रीत म्हणून नाही, नुसतं बघायला. पाच कागद झाले. पाचही वेळा शेवटचं अक्षर ताठ आलं. आणि मला तर तिरपं येतं, बाबा.