निळ्या पट्टीची बाही

३ मे, शुक्रवार
आले एकदाची मुलाच्या घरी. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. तिचं अक्षर सुबक आहे म्हणे. असेल बापडं, मला सगळ्या मुंग्याच दिसतात. घर एका उंच कचेरीला लागून आहे. तिच्या तळघरातली यंत्रं माझा मुलगा सांभाळतो. खोल समुद्रातलं गार पाणी नळीतून तळघरातल्या विहिरीत येतं आणि त्यावर वीस मजले थंड राहतात. वीज अगदी थोडी लागते, हे त्यानं तीनदा सांगितलं. मी विचारलं, साहेबांच्या डोक्यावर खारं पाणी ओततोस की काय? तो म्हणाला, आई, समुद्राचं पाणी वेगळं, इमारतीत फिरणारं वेगळं. मध्ये पत्रा आहे, पलीकडे जातो तो फक्त गारवा. पंपाची घरघर इथे जमिनीतून तळपायाला कळते. मांजर पाळल्यासारखं वाटतं.

५ मे, रविवार
तळघर पाहिलं. बाहेर घामाच्या धारा आणि तिथे माझे दात वाजले, जे चार उरलेत ते. मुलगा नुसत्या सदऱ्यावर वावरतो! पिवळी लोकर काढून स्वेटर घातला सुयांवर. सूनबाई म्हणाली, भर उन्हाळ्यात? म्हटलं, घरात नवरा तुझा, तळघरात लेक माझा. लिहिलंस? खोडू नकोस हं.

१० मे, शुक्रवार
दर शुक्रवारी पंप बंद करून मुलगा विहिरीत उतरतो, नळीच्या तोंडाची जाळी साफ करतो. आज शिंपल्यांबरोबर एक शिट्टी निघाली, गंजून गेलेली. थेट कचेरीच्या पहारेकऱ्याच्या शिट्टीसारखी, दातांनी पाडलेली खाचसुद्धा तीच. त्याची तर त्याच्या गळ्यातच होती. तो म्हणाला, आजी, समुद्र माझी नक्कल करतोय. आम्ही पोट धरून हसलो.

१४ मे, मंगळवार
पहारेकरी गेला. समुद्राकडच्या कठड्यावरून पाय घसरला. माणूस सापडला, गळ्यातली शिट्टी सापडली नाही.
मी मुलाला म्हटलं, ती आपल्याकडे चार दिवस आधीच आलीय. तो म्हणाला, योगायोग.

१७ मे, शुक्रवार
आज जाळीत लोकरीची बाही आली. मुलानं कचऱ्यात टाकली, मी उचलून आणली. पिवळी, शेवाळानं माखलेली. कोपरापर्यंत टाके माझे. दर वळणाला एक टाका घट्ट ओढायची माझी जन्माची खोड आहे. कोपराखालचे टाके मात्र सैल, मनगटाशी तर निळी पट्टी. ते माझे नव्हेत.
घरी स्वेटर पाहिला. दुसरी बाही अजून कोपरापर्यंतच आलीय. निळी लोकर तर माझ्याकडे नाहीच.

१८ मे, शनिवार
स्वेटर उसवायला बसले. हात धजेना, लेकासाठी विणलेला तो. ट्रंकेत तळाशी दडपला. नातीला शपथ घातली, आईला बोलायचं नाही. सुनेपुढे हसं नको; म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला.

२३ मे, गुरुवार
मुलाला म्हटलं, उद्या उतरू नकोस. तो म्हणाला, जाळी तुंबली तर वीस मजले उकडतील. पंप बंद असला की विहिरीत पाणी चढतच नाही.
स्वेटर उद्या उसवते. नक्की.

२४ मे, शुक्रवार
ट्रंकेत स्वेटर नाही.
सूनबाई हसतेय — म्हणते, तुमची राहिलेली बाही मीच पुरी केली, आज घालूनच गेलेत — पिवळी लोकर थोडी कमी पडली, म्हणून मनगटाला —
मी हात वर केला. रंग सांगू नकोस म्हटलं.
पायाखालची घरघर थांबलीय. म्हणजे तो उतरला —
दहा मिनिटं लागतात त्याला. दहाच. नात घड्याळ बघून सांगतेय, दोन झाली —
तीन —
घरघर. पुन्हा सुरू झाली — इतक्यात कशी — पंप कुणी —
पोरी, लेखणी टाक. पळ! बापाला सांग, अंगातला काढ, आधी तो अंगातला —