साडूचा ठिपका

सोमवार, ४
आज सकाळी नव्या खोलीच्या खिडकीतून उगवत्या सूर्याला हात जोडले आणि म्हटलं, देवा, आजपासून तुझ्याकडे बघायचाच पगार मिळणार. ही हसली. काम मजेचं आहे. वर अंतराळात क्ष-किरणांची दुर्बीण फिरते. सूर्यावर ज्वाळा उसळली की तिचं चित्र खाली कचेरीत, आमच्या बिनखिडक्यांच्या खोलीत येतं. दुर्बिणीत अख्खा सूर्य मावत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी एक जागा निवडून हुकूम पाठवायचा. मग दिवसभर बदल नाही. निवड माझा साडू करतो. त्यानंच मला इथं चिकटवलं.

शुक्रवार, ८
साडूची निवड चुकतच नाही. तो दाखवेल तिथंच ज्वाळा. काल साहेबांनी मी सुचवलेली जागा घेतली, ती आज दिवसभर थंड राहिली. कुणीतरी म्हणालं, थोरल्या जावयाला सूर्य ओळखत नाही वाटतं. सगळे हसले, मीही हसलो. घरी हीसुद्धा त्याचंच कौतुक करत बसली. जेवण गेलं नाही.

गुरुवार, १४
सूर्य फिरतो, तसे त्याच्यावरचे डाग सरकतात. साडू निवडतो तो ठिपका मात्र सरकत नाही. आठवडाभर मधोमध, आपल्याकडे तोंड करून. साडूचा चेहरा उन्हानं रापल्यासारखा काळवंडलाय. कचेरीतल्या आमच्या खोलीला तर खिडकीच—

रविवार, १७
साडू घरी आला. गालाची सालं निघत होती. हळूच म्हणाला, "दादा, ती जागा मी निवडत नाही. ती मला निवडते. उद्यापासून मी रजेवर. तुम्ही कुठंही बघा, तिथं नको."
लबाड. जाताजातासुद्धा त्याला मोठेपणा सोडवत नाही.
जप करायला बसलो. डोळे मिटले की ठिपका—

मंगळवार, १९
काल दुसरी जागा दिली. आज थंड. साहेब म्हणतात, साडूलाच बोलावून घेऊ.
मिटल्या डोळ्यांपुढचा ठिपका वाढलाय. कडेला पापणीसारखं काही— हलतं. कुणाला शोधतंय?
त्यालाच. अजून त्यालाच.

बुधवार
काल संध्याकाळी हुकूम पाठवला. तीच जागा.
सकाळी ज्वाळा उसळली. एवढी कधीच नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली.
साडूचा फोन. चेहऱ्याची आग थांबली म्हणे. रडत विचारत होता, तुम्ही काय केलंत. मी फोन ठेवला.
पापणी उघडली. हात भाजतोय— कागद तपकिरी— असू दे.
ते माझ्याकडे बघतंय. त्याच्याकडे नाही. माझ्याक—