बियाचा दोडका

१४ एप्रिल
आज गॅरेज उघडलं. एका मोटारसायकलीचं कार्बोरेटर खोललं आणि तसंच ठेवून घरी आलो. भर दुपारी मी घरी! नसीम असती तर म्हणाली असती, "तबियत बरी हाय ना? जेवलात का?"
ती नाही. मागच्या रविवारी तिला कब्रस्तानात ठेवून आलो.
घरात बसवेना, मागच्या दारी गेलो. तिथं तिची भाजी. कोथिंबीर जळाली. वांग्यांनी माना टाकल्या. दोडक्याची वेल तेवढी हिरवी, आणि तिच्यावर तो एकच जाड दोडका.
आजारात धड पाणी गिळवत नव्हतं, तरी बोलली — "तो जाडा दोडका तोडू नका. बियाचा हाय. वाळला की अलिनाला द्या." अलिना आमची एकुलती एक, बीडला दिलेली. बी नसीमच्या आईकडचं, घाटनांदूरचं. लग्नात पुडी बांधून आणलं होतं. दर वर्षी एक दोडका बियाला राखायची.
माझ्याकडे शेवटचं मागितलं ते हे. दोडका!

१५ एप्रिल
आमचा बोअर थोडा वेळ चालतो, मग नुसती हवा ओकतो. दोन बादल्या वेलीला ओतल्या. काळी माती, बोट जाईल एवढ्या भेगा. पाणी कुठं गेलं कळलंच नाही.

१९ एप्रिल
पानं पिवळी पडली. रोज बादल्या घालतोय! ऑइल घातलं की इंजिन चालतं. या बयेला आणखी काय पाहिजे?
शेजारच्या छबुबाई भिंतीवरून बघत होत्या. "मिस्त्री, समदं एकदम वतून काय उपेग? भेगातून पार पाताळात जातंय. आदी माती हलवा, खत घाला, वर पाचट पसरा."
विचारलं, नसीम किती घालायची?
"भाभीला बादली घिऊन आलेलं मी कदी बगितलं न्हाई. पर बुडखा कायम वला असायचा."
काहीतरीच! पाणी घातल्याशिवाय ओल राहते होय?

२० एप्रिल
गॅरेजात गिऱ्हाईक रामकिसन ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आला होता. त्याच्या शेतातून उसाचं पाचट आणलं, गोठ्यातून पाटीभर शेण. नसीमच्या खुरप्यानं भेगा मोडल्या. खुरप्याच्या मुठीला तिच्या जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळलेली. हात घट्ट बसला माझा. शेण घातलं, वर पाचट. आज जरा बरं वाटलं.

२३ एप्रिल
"आगं बाई! ताजं शेन घातलं? कुजलेलं घालत्यात, मिस्त्री. हे गरम पडतं!" छबुबाईंनी कपाळावर हात मारला.
सगळं उकरून काढलं. बुडाची साल तपकिरी पडलेली. रामकिसनला फोन लावून शिव्या घातल्या. तो बिचारा म्हणतो, "तुमी शेन मागितलं, मी शेन दिलं."
खरं आहे. त्याचं काय चुकलं?

३ मे
खाटेखाली सलाईनच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. शेवटी शेवटी कंपाउंडर घरीच येऊन लावायचा. मिस्त्रीचं डोकं चाललं! एक बाटली धुऊन पाणी भरलं, वेलीच्या मांडवाला उलटी टांगली, नळी बुडाशी सोडली, चकती फिरवून धार थेंबावर आणली. टप, टप. माती खरंच ओली राहिली.
थेंब बघत बसलो. मग बसवेना. तिच्या उशाशी असाच बसायचो. थेंब पडतोय तोवर ती आहे, असं वाटायचं.

८ मे
नवा कोंब! एवढा एवढासा. सांगायचं कुणाला?

१४ मे
नसीमच्या चाळिसाव्या दिवसासाठी अलिना आली. बुरखाही न काढता मागच्या दारी गेली आणि उंबऱ्यातच थबकली.
"अब्बा, ते सलाईन काढा."
म्हटलं, बाळा, त्याच्यावरच वेल जगतेय.
"काढा ना, अब्बा. मला न्हाई बगवत."
काढलं. मला तरी कुठं बघवत होतं?

१५ मे
दुपार कलल्यावर, असरच्या अजानीला अलिना लोटा घेऊन मागच्या फरशीवर नमाजाआधीच्या वजूला बसली. म्हटलं, आत नळ आहे की.
"अम्मी इथंच बसायची. पाची वेळंला."
हात, तोंड, पाय. पाणी फरशीवरून उतरलं आणि बोटभर चरीतून सरळ दोडक्याच्या बुडाशी गेलं. चरी नसीमनं खुरप्यानं ओढलेली. मी रोज ओलांडत होतो!
लोटाभर पाणी, दिवसातून पाच वेळा. माती वाळायला सवडच नाही, मग भेग कुठून पडणार? कधी झाडांना पाणी घालायला गेलो तर "थोडा थोडा डालो जी," म्हणायची मला. मी हसायचो. पहाटे फजरला मी झोपेत, बाकी दिवस गॅरेजात. ईदेचा नमाजी मी. आपली बायको वजू कुठं करते हे मला माहीत नाही! फार लाज वाटली. त्याहून जास्त तिची आठवण आली.

१८ मे
अलिना गेली. "दोडका वाळला की फोन करा, अब्बा."
आता मीच फरशीवर बसतो. नमाज नाही, नुसती वजू. अल्लाह माफ करो, दोडक्यासाठी! नमाजाला अंथरायचा नसीमचा मुसल्ला कपाटावर तिनं ठेवला तसाच आहे, घडी घातलेला.
छबुबाई म्हणाल्या, "मिस्त्री, लई नमाजी झालाव की!"
हसलो.

२३ मे
वेल गेली. शेणानं भाजलेलं बूड भरलंच नाही. पण दोडका वाळलाय! कानाशी धरून हलवला. वाजला! अलिनाला फोनवर ऐकवला. ती रडली, मीही.

२४ मे
फोडला. सगळं बी पोचट. पांढरं, हलकं, नखाखाली चुरा होणारं. काळा दाणा एकही नाही. पुन्हा पुन्हा चाळलं. नाहीच.
नसीमनं एवढं एकच मागितलं होतं.
अलिनाला सांगितलं. ती म्हणाली, "अब्बा, जेवलात का?"

२५ मे
वेल उपटून टाकली. पाणी घालावं असं आता तिथं काही नाही. असरची अजान झाली. तरी लोटा भरला, फरशीवर बसलो. हात, तोंड, पाय.
मग आत जाऊन तिचा मुसल्ला उलगडला.