भुरीची हाडं

२ मार्च
सापडली! लाकडाच्या वखारीमागचं जंगल, ओढ्याच्या अलीकडे, पालापाचोळ्याखाली. आधी कवटी, मग बरगड्या, मग गुडघ्यांवर रांगत बाकीची. पाचव्या रविवारी यश आलं. भुरीच. दुसरं कोण असणार? तिला सोडलं ती जागा इथून शंभर पावलांवर.

इथे तरी खरं लिहितो. भुरी पळाली नव्हती. तीन वर्षांपूर्वी मीच तिला गाडीत घालून नेलं, दार उघडलं, ती शेपटी हलवत उतरली आणि मी निघून आलो. म्हातारी झाली होती, घरभर मुतायची. लेक शिकायला बाहेर — कुत्री तिची आणि फडकं माझ्या हातात! तिला सांगितलं, फाटक उघडं राहिलं, पळाली. घड्याळाचं दुकान बंद करून घरी बसल्यापासून ती उतरतानाची शेपटी डोळ्यांसमोरून हलत नाही.

३ मार्च
घोडचूक! हाडं पातेल्यात घालून उकळली. आयुष्यभर घड्याळांचे सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतले, वाटलं हाडांना उकळतं पाणी पुरे. वास असा की बायको नाक धरून अंगणात. ‘पातेलं तरी जुनं घ्यायचंत! यात आता मी दूध तापवू?’ कुणाची हाडं, विचारलं. हरणाची म्हणालो. पहिलं खोटं पचलं की दुसरं चावावं लागत नाही.

४ मार्च
हाडं पिवळी, तेलकट. लेकीला फोन केला. ती संग्रहालयात हेच काम करते — हाडं धुवायची, सांगाडे जोडायचे. तिलाही हरणच सांगितलं.
‘बाबा! उकळायची नसतात. चरबी आत मुरते. साध्या पाण्यात भिजत ठेव, पाणी बदलत राहा. मग भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी. आणि घाई करू नकोस, तुला घाई फार.’
किती उत्साहाने सांगत होती! तीन वर्षांत माझ्याशी इतकं बोलली नव्हती. तिच्याच कुत्रीची हाडं कशी धुवायची ते तिलाच विचारतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सगळं नीट उतरवून घेतलं.

१९ मार्च
सहाव्यांदा पाणी बदललं. तवंग येतोच आहे.

६ एप्रिल
जुन्या टूथब्रशने दातांच्या फटी साफ केल्या. घासता घासता माफी मागत होतो, मोठ्याने. बायकोला वाटलं रेडिओ लावलाय.

१२ एप्रिल
उद्या लेक येतेय. आज बायकोला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग, ‘मला वाटलंच होतं.’ एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हाडं पांढऱ्या कापडावर मांडली. घड्याळ डोळे मिटून जोडीन, पण हिच्या पायाची बोटं कुठली कुठे, काही कळेना. उद्या सांगणार. पुन्हा तोंड बघणार नाही म्हणाली तरी सांगणार. निदान पुरायला तिच्या हातात काहीतरी देता येईल.

१३ एप्रिल
सांगितलं. लेक शेवटपर्यंत ऐकत राहिली, हात कवटीवर. मग म्हणाली, ‘हा कोल्हा आहे, बाबा. भुरी माझ्याकडे आहे. तू पळाली म्हणालास, मी शोधायला निघाले. वखारीच्या राखणदाराने बांधून ठेवली होती; तिला सोडून जाताना त्याने तुला पाहिलं होतं. तेरा वर्षांची झाली. आता दिसत नाही फारसं.’

तीन वर्षं! आणि मी एकदाही तिच्या खोलीवर गेलो नाही.

‘मग सांगितलं का नाहीस?’
‘तू पुन्हा सोडून आला असतास.’

भेटायला येऊ का, विचारलं.
‘बघू,’ म्हणाली.