हरणांचा हिस्सा

अप्पा, ओढ्याकाठचा माळ काल नांगरून झाला. तुम्ही जन्मभर ज्याला नांगर लावू दिला नाही, तोच. तुम्हाला हे सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून मीच लिहितेय.

येळवशीचा, वेळा अमावस्येचा दिवस आठवतो. गाव आपापल्या पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं, आणि तुम्ही मात्र आधी त्या नुसत्या गवताकडे वळायचात. आम्ही भावंडं कडब्याच्या खोपीत भाज्या-दाण्यांच्या भज्जीच्या वासानं कासावीस होऊन बसलोय. आई चिडते, "लेकरं उपाशी हायती, गवताला कामून जेवू घालायलाव?" तुम्ही शांतपणे म्हणता, "हरणांचा बी हिस्सा हाय त्यात." केवढा अभिमान वाटायचा मला त्या बोलण्याचा.

तुम्ही गेलात, भाऊ कोळारला कारखान्यात लागला. मी सासर सोडून आलेली, शेत माझ्याच गळ्यात पडलं. टिटवीची पिल्लं पळती झाल्याशिवाय मी त्या गवताला विळा लावला नाही. काळविटांनी तूर खाल्ली, तरी तारेत करंट सोडला नाही. त्यांच्यापायी शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. नाव तुमचं झालं, निस्तरलं मी.

यंदा येळवशीला भाऊ आला, पोटभर जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "अक्का, माळावर ऊस लावायलोय. ट्रॅक्टर सांगितलाय."

"अप्पांनी तो हरणांना दिलाय."

"मग त्यांच्या नावावर कामून केला न्हाई? तुझ्या तरी नावावर काय केलंय?"

त्याचं चुकलं नव्हतं, हेच मला लागलं. सगळी जमीन तुम्ही त्याच्या एकट्याच्या नावावर केलीत. रानातल्या मुक्या जिवांचा हिस्सा तुम्हाला दिसला. तुमच्याच खोपीत, तुमच्यासाठी जेवायची थांबलेली लेक दिसली नाही. मी कुठल्या तोंडानं ट्रॅक्टर अडवणार होते?

काल संध्याकाळी काळविटं आली. ढेकळांच्या कडेला थबकली. नर मान वर करून बराच वेळ उभा होता, मीही बांधावरच होते. मग ती ओढा ओलांडून निघून गेली. त्यांना निदान पलीकडे जाता आलं.

हे पत्र चुलीतच जाईल. पण एवढं सांगते. नांगराचं पहिलं तास पडलं, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, अप्पा. म्हटलं, आता त्यांचाही हिस्सा गेला.