ड्रॉप बॉल

बाबा, काल सेक्टर दोनच्या मैदानावर माझ्याकडे फुटबॉल शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "दीदी, ये ड्रॉप बॉल क्या होता है?" मी सांगितलं. कोणाचीच चूक नसताना खेळ थांबला, कोणी आपणहून पडलं, मैदानात कुत्रं शिरलं, तर पंच हातातला चेंडू जमिनीवर सोडतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. फार पूर्वी पंच चेंडू वर उडवायचे, पुढे तो खाली सोडू लागले, तेव्हापासून हे नाव. तुमच्या वेळी दोन्हीकडचा एकेक खेळाडू त्यावर तुटून पडायचा. आता ज्यांच्याकडे चेंडू होता त्यांनाच तो मिळतो. हा नवा नियम सोडला तर सगळं तुम्हीच शिकवलेलं. सांगता सांगता माझा आवाज इतका चढला की मुलगी मागं सरकली.

मी बारावीत होते, पुढच्याच महिन्यात राज्याच्या संघाची निवड होती. तुम्ही प्लांटमधून पहिली शिफ्ट करून आलात, आमच्या सामन्यासाठी पंचाचा काळा शर्ट घातलात, गळ्यात शिट्टी अडकवलीत. मी चेंडू घेऊन गोलकडे धावतेय. बाजूनं समोरच्या संघाची एक मुलगी येते आणि बूट सरळ माझ्या गुडघ्यावर घालते. चेंडू केव्हाच पुढे गेलाय. तुम्ही अगदी जवळ उभे आहात. शिट्टी वाजते, आणि गुडघा धरून पडल्या पडल्या मला वाटतं, चला, पेनल्टी. तुम्ही मला उचलून बाहेर न्यायला सांगता आणि ड्रॉप बॉल देता. आमच्या मुली ओरडतात तेव्हा शांतपणे म्हणता, "कोणाची चूक नाही. दोघी बी बॉलवरच होत्या."

घरी स्वयंपाकघरात आई माझ्यासाठी हळद गरम करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुमाले दिसलं नाही का?"

"दिसलं," तुम्ही हात धुताना म्हणालात. "पण बापानं पोरीले पेनल्टी देली असती तं लोकं काय म्हणले असते?"

"अन् पोरगी काय म्हणून राहिली, ते इचारलं का तिले?"

तुम्ही पाट ओढून जेवायला बसलात. दिसलं नसतं तर मी केव्हाच विसरले असते, बाबा. तुम्हाला दिसलं होतं. एवढी भीती होती तर शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची होती. निवड हुकली, गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही, आणि तुम्ही गेलात त्या दिवशी अंगणात जो तो म्हणत होता, असा निष्पक्ष माणूस होणे नाही. आजही तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. गुडघ्याला काय झालं असं कोणी विचारलं, तर मरोद्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडले, असं सांगते. नवऱ्यालाही तेच सांगितलंय.