माळ्यावरची नऊवारी

आई, तुझी नऊवारी सापडली. आपली मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करायचंय, म्हणून काल माळ्यावरचं सामान उतरवलं. जुन्या कुकरच्या खोक्यात ती तशीच आहे, जांभळ्या काठाची, घडीही न मोडलेली. डांबरगोळ्या कधीच उडून गेल्या, वास मात्र गेलेला नाही.

तू ती, मेल्यावर तुला नेसवायला म्हणून आणलीस, आणि दर दिवाळीला बाहेर काढून ऊन दाखवायचीस. माझं डोकं फिरायचं. धडधाकट बाई, आणि मरणाची एवढी हौस! कॉन्व्हेंट शाळेत राखेच्या बुधवारी सिस्टर ख्रिस्ती मुलींच्या कपाळाला राख लावत, तुम्ही माती आहात म्हणत, ते मला केवढं थोर वाटायचं. इंग्रजीत होतं ना. तू भाकरी थापताना म्हणायचीस, "देवासमोर सगळा आवरून जावक होया," तर मी फटकन, "तिथे काय कपडे तपासतात?" एकदा तू तवा खाली आपटलास. "सिस्टरीन सांगल्यान तर ग्यान, आणि मी सांगलंय तर येडेपणा?"

त्याच आठवड्यात मी नऊवारी लपवली. तुला सांगितलं, कामवालीला देऊन टाकली, आता तरी जगायला लाग. तू रिकाम्या खणावरून एकदा हात फिरवलास. बोलली काहीच नाहीस. वर्षभरात गेलीस. त्या दिवशी घर माणसांनी भरलंय, भांडुपची मामी विचारतेय, "अगो, तिची नेसवूची साडी खंय आसा?" आणि मी माळ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतेय. वर चढले असते तर सगळ्यांदेखत खोटी ठरले असते. म्हणाले, "नाही सापडत." मग स्टेशनजवळून घाईघाईत एक गुलाबी, चकचकीत साडी आली. पदराला दुकानाचं लेबल होतं. मी ओढलं, निघेना. तू तशीच गेलीस. देवळात डोळे मिटले की मला देव दिसत नाही गं, ते लेबल दिसतं.

आता मी तुझ्या वयाची झाले. जीभ तशीच आहे. आवरलेलं काहीच नाही. काल सुनेनं नऊवारी उचलून विचारलं, "आई, ही कुणाची?" खरं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "माझी. माझ्या वेळी नेसवा." तिनं ती चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

म्हणजे मी तुझ्यासमोर तुझीच साडी नेसून उभी राहणार, आणि तू पुन्हा काही बोलणार नाहीस.

हा कागद साडीच्या घडीत ठेवणार होते. पण नेसवताना सून घडी मोडेल, वाचेल. म्हणून आता फाडते.